पत्र्याचं कूळ

माझ्या टेबलावर तळहाताएवढा एक पत्रा आहे. कडा फाटलेल्या, एक कोपरा वहीच्या पानासारखा दुमडलेला. आतल्या बाजूला राखाडी-हिरव्या रंगाचे पोपडे आहेत, बाहेरच्या बाजूला पांढुरके डाग. लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे ॲल्युमिनियमचाच कुठलातरी मिश्रधातू. चार रिव्हेट (पत्रे जोडायच्या धातूच्या मेखा) शाबूत आहेत, पाचव्याच्या जागी नुसतं भोक. रिव्हेट फुगीर डोक्याचे आहेत, आणि मला त्यातल्या त्यात काही सांगणारी खूण तेवढीच आहे. स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान; सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये पंखांवर सपाट रिव्हेट असत आणि मागच्या धडावर फुगीर. सगळीकडे सपाट बसवायचे तर खर्च आणि वेळ दोन्ही फार. मग फुगीर कुठे चालतील हे ठरवायला नमुना विमानाच्या सपाट रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे चिकटवले, विमान उडवून वेग किती घटतो ते मोजलं, आणि डाळ थोडी थोडी काढत पुन्हा पुन्हा मोजलं. जगातल्या सगळ्यात देखण्या लढाऊ विमानाच्या शेपटाकडचा भाग डाळीने ठरवला, हे मला अजूनही फार आवडतं.

तर हा पत्रा एखाद्या स्पिटफायरच्या मागच्या धडाचा असू शकतो. नसूही शकतो. फुगीर रिव्हेट त्या काळी कितीतरी विमानांना होते. मी तो लिलावात घेतला तेव्हा खाली एवढंच लिहिलं होतं : स्पिटफायर, बॅटल ऑफ ब्रिटन, केंट. म्हणजे १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी झालेली हवाई लढाई, आणि आग्नेय इंग्लंडमधला परगणा. मी विकणाऱ्याला विचारलं, विमान कुठलं, शेत कुठलं, खणलं कुणी? उत्तर आलं, ‘जुन्या संग्रहातून आलंय.’ त्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी बोली वाढवली.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. युद्धातल्या पडलेल्या विमानांच्या अवशेषांचा जो बाजार आहे, तिथे हाच शिष्टाचार काटेकोरपणे पाळला जातो, आणि माझं भांडण नेमकं त्याच्याशी आहे. हे अवशेष खासगी लोकांनी जमवावेत की नाहीत, यावर गेली पन्नास वर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, ही थडगी आहेत, हात लावू नका. दुसरी म्हणते, आम्ही खणलं नसतं तर सगळं मातीत कुजलं असतं. मला वाटतं, दोघेही चुकीच्या जागी भांडताहेत. वस्तू कुणाच्या कपाटात आहे याने फारसं बिघडत नाही. ती कुठून आली हे पुसलं गेलं की बिघडतं. संग्रह करायला बंदी नको, पण कूळ नसलेला तुकडा विकायला बंदी हवी.

कूळ म्हणजे काय ते एका लोखंडी दांड्याच्या गोष्टीतून सांगतो. १५ सप्टेंबर १९४० रोजी रे होम्स नावाचा ब्रिटिश वैमानिक हरिकेन हे लढाऊ विमान घेऊन लंडनवर आलेल्या एका जर्मन डॉर्नियर विमानाच्या मागे लागला. गोळ्या संपल्या, तेव्हा त्याने आपलं विमान त्यावर घातलं. डॉर्नियर व्हिक्टोरिया स्टेशनपाशी कोसळलं, होम्स पॅराशूटने उतरून वाचला, आणि त्याचं हरिकेन बकिंगहॅम पॅलेस रोडच्या परिसरात सरळ जमिनीत घुसलं. खड्डा बुजला, रस्त्यावरून चौसष्ट वर्षं बस-मोटारी गेल्या. २००४ मध्ये तो रस्ता खणला तेव्हा खालून इंजिन निघालं आणि विमान चालवायचा दांडाही निघाला. त्या दांड्यावर बंदुकीचं बटण असतं, त्याला एक फिरणारी कडी असते, एका बाजूला वळवली की बंद, दुसऱ्या बाजूला की चालू. कडी ‘चालू’वरच होती. होम्स तेव्हा हयात होता, नव्वदीला आला होता. चौसष्ट वर्षांपूर्वी आपण कडी कुठे ठेवून बाहेर पडलो होतो ते त्याला पाहायला मिळालं.

आता समजा हाच दांडा ‘हरिकेन, १९४०’ अशा चिठ्ठीसह एखाद्या लिलावात आला असता. कडी तीच, गंज तोच. पण मग ती कडी काहीच बोलली नसती. आदळताना फिरली असेल, कुणीतरी साफ करताना फिरवली असेल. ती ‘चालू’वर आहे याला अर्थ आला तो तारखेमुळे, रस्त्यामुळे, माणसामुळे आणि ती बाहेर निघाली तेव्हा तिथे बघणारे लोक होते त्यामुळे.

ज्यांना या वस्तू वाचता येतात त्यांना एका आकड्यावरूनही पुष्कळ कळतं. स्पिटफायरच्या पहिल्या प्रकाराच्या भागांवर ३०० ने सुरू होणारे क्रमांक असतात, पाचव्या प्रकाराच्या नव्या भागांवर ३४९ ने सुरू होणारे. स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीच्या तपासनिसाचा शिक्का ‘६एस’. मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाच्या भागांवर ‘८-१०९’ असं येतं. फ्रेंच वैमानिक-लेखक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी ३१ जुलै १९४४ रोजी टेहळणीसाठी निघाला आणि परत आला नाही. १९९८ मध्ये मार्सेयजवळच्या समुद्रात एका मच्छीमाराच्या जाळ्यात त्याच्या नावाचं चांदीचं ब्रेसलेट सापडलं, तेव्हा अनेकांना ती थापच वाटली. पुढे त्याच भागात समुद्रतळाशी पी-३८ जातीच्या अमेरिकी विमानाचे तुकडे दिसले, ते २००३ मध्ये वर काढले, आणि एका भागावर २७३४ हा कारखान्याचा क्रमांक मिळाला. तो त्याच्याच विमानाचा होता. साठ वर्षांचा प्रश्न चार आकड्यांनी मिटवला. तो भाग आधीच कुणी पाणबुड्याने घरी शोभेला नेला असता तर? नेणाऱ्याला काय, छान गंजलेला एक धातूचा तुकडा मिळाला असता.

माझ्या पत्र्यावर क्रमांक नाही. कदाचित होता तो भाग कापून वेगळा विकला असेल. शिक्का असलेल्या तुकड्याला जास्त भाव येतो.

हे सगळं जमिनीत राहिलं कसं, हे थोडं सांगायला हवं. वेगाने सरळ खाली आलेलं लढाऊ विमान मऊ चिकणमातीत खिळ्यासारखं घुसतं. पंख आणि शेपूट वर विखुरतात, सहाशेहून जास्त किलोचं इंजिन पुढे आणि त्याच्यामागे चेपलेलं कॉकपिट पंधरा-वीस फूट खाली जातं. वरचं उचलायला हवाई दलाची पथकं यायची, ट्रकमध्ये भरून न्यायची, खालचा खड्डा बुजवून टाकायची. लढाई चालू होती, खणत बसायला वेळ कुणाला होता? उचललेलं सगळं वितळवायला जायचं. ऑक्सफर्डजवळच्या काउली इथे अशा विमानांचा जो डोंगर साठला होता, त्यावरून चित्रकार पॉल नॅशने ‘टोटेस मेअर’ (जर्मनमध्ये ‘मृत समुद्र’) हे चित्र काढलं. चंद्रप्रकाशात पंखांच्या लाटा, मेलेला समुद्र. आज ते चित्र टेट संग्रहालयात आहे आणि तो समुद्र वितळवून संपला. म्हणजे तेव्हाच्या सरकारच्या दृष्टीने हे भंगार होतं. पोरांच्या दृष्टीने मात्र पहिल्या दिवसापासून खजिना. पोलिसांनी कितीही हाकललं तरी इंग्लंडमधली शाळकरी मुलं पडलेल्या विमानाचा तुकडा खिशात घालून आणायची, वर्गात अदलाबदल करायची. कॉकपिटच्या पर्स्पेक्सच्या, म्हणजे काचेसारख्या प्लॅस्टिकच्या, अंगठ्या घासून बनवायची. तेव्हा हा छंद हल्लीच्या नादिष्टांनी सुरू केला, असं कुणी म्हणू नये.

खाली गाडलेलं जे राहिलं त्याच्याकडे साठच्या दशकाच्या शेवटी लोक वळले. मेटल डिटेक्टर आले, जेसीबी भाड्याने मिळू लागला, आणि सत्तरच्या दशकात केंट-ससेक्सच्या शेतांत दर शनिवार-रविवारी कुठेतरी खड्डा खणला जात होता. खणणारे दुकानदार होते, मेकॅनिक होते, शाळामास्तर होते. या लोकांबद्दल बोलताना तज्ज्ञांच्या सुरात एक तुच्छता येते, ती मला पटत नाही. जॉर्ज ड्रेक हा दक्षिण आफ्रिकेचा वीस वर्षांचा पोरगा ९ सप्टेंबर १९४० रोजी हरिकेनसह बेपत्ता झाला. तो सापडला १९७२ मध्ये, गाउडहर्स्टजवळच्या शेतात, आणि ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. ह्यू बेरेसफर्ड ७ सप्टेंबरला पडला, त्याला शेपी बेटाच्या दलदलीतून १९७९ मध्ये काढलं. तोवर ते दोघं कुठे होते? रनीमीडच्या स्मारकाच्या भिंतीवर. ज्यांची कबर माहीत नाही अशा वीस हजारांहून जास्त हवाई सैनिकांची नावं तिथे कोरलेली आहेत. बहुतेकांना समुद्राने घेतलं, त्यांचा काही इलाज नाही. पण काही जण शेतकऱ्याला माहीत असलेल्या, गावात ‘विमानाचा खड्डा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी होते, आणि सरकार तीस वर्षं तिकडे फिरकलं नव्हतं. हौशी लोकांनी ही विमानं शोधायचा ध्यास घेतला नसता तर असे कितीतरी जण भिंतीवरच राहिले असते.

आता दुसरी बाजू, आणि ती बाजू घाणेरडी आहे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. कॉकपिट उघडलं, आत माणूस असल्याचं कळलं, तरी घड्याळ, पिस्तूल, पॅराशूटचं बक्कल खिशात घालून खड्डा बुजवणारेही त्याच शेतांत होते. सगळ्यात वाईट व्यापार ओळखबिल्ल्यांचा. जर्मन सैनिकाचा बिल्ला लंबगोल असतो, मधोमध फटींची रांग, दोन्ही अर्ध्यांवर तोच मजकूर. माणूस मेला की खालचा अर्धा भाग मोडून बर्लिनच्या नोंदकचेरीत कळवायचा, वरचा मृतदेहासोबत ठेवायचा. आता लिलावात अख्खा, न मोडलेला बिल्ला दिसला तर त्याचा अर्थ काय होतो? एक तर तो माणूस जिवंत घरी गेला आणि बिल्ला त्याच्याच घरातून आला. किंवा तो बिल्ला अशा मृतदेहावरून उचलला, ज्याची बातमी कुणालाही कळवलेली नाही. दुसऱ्या बाबतीत ज्याने तो विकत घेतला, त्याने त्या घरातल्या लोकांना कधीच न मिळणारं एक पत्र विकत घेतलंय.

याला उत्तर म्हणून ब्रिटनने १९८६ मध्ये लष्करी अवशेषांच्या संरक्षणाचा कायदा केला. लष्करी सेवेत असताना पडलेलं प्रत्येक विमान, कुठल्याही देशाचं, ब्रिटनच्या हद्दीत आपोआप संरक्षित झालं. खणायचं तर संरक्षण खात्याचा परवाना हवा. आत माणूस असण्याची शक्यता असेल किंवा न फुटलेला दारूगोळा असेल तर परवाना सहसा मिळत नाही. जे निघेल त्याची यादी द्यायची, वैयक्तिक वस्तू खात्याकडे सोपवायच्या म्हणजे त्या नातेवाइकांपर्यंत जातील. उरलेल्यावर खात्याने हक्क सांगितला नाही तर ते खणणाऱ्याला मिळू शकतं. कायदा चांगला आहे. शेतांतला धुडगूस त्याने बराच थांबवला.

पण कायद्याची नजर फावड्यावर आहे, गल्ल्यावर नाही. वस्तू एकदा जमिनीबाहेर आली, दोन हात फिरली, की ती कायदेशीर खड्ड्यातली की चोरट्या, १९८६ आधीची की कालच्या रात्रीची, हे विचारायचं बंधन विकणाऱ्यावरही नाही आणि घेणाऱ्यावरही. ‘जुन्या संग्रहातून’ हे दोनच शब्द आहेत, पण त्यांत सगळं धुऊन निघतं. मीही त्यातच धुऊन घेतलं.

इतर देशांत याहून जास्त गोंधळ आहे. अमेरिकेचंच बघा. अमेरिकी नौदलाचं म्हणणं, आमचं विमान कुठेही, कितीही वर्षं पडलेलं असो, ते आमचंच. बुडालेल्या लष्करी नौका-विमानांसाठी २००४ चा कायदाही त्यांच्या पाठीशी आहे. आणि अमेरिकी हवाई दलाचं म्हणणं, १९ नोव्हेंबर १९६१ पूर्वी पडलेली आमची विमानं आम्ही सोडून दिली. का, तर त्या दिवशीच्या आगीत त्यांची कागदपत्रं जळाली. एकाच देशाची दोन विमानं एकाच दलदलीत शेजारी शेजारी पडली असतील, तर एकाला हात लावणं गुन्हा आणि दुसरं ज्याला मिळेल त्याचं. यातून निदान एवढं तरी कळतं की मालकीच्या प्रश्नाला शहाणं उत्तर कुणाकडेच नाही. म्हणून मी मालकीवर फार वेळ घालवत नाही.

किमतीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण सगळी मोडतोड तिथून सुरू होते. मे १९४० मध्ये फ्रान्समधल्या कॅलेच्या वाळूवर एक स्पिटफायर पोटावर उतरवलं गेलं. वैमानिक वाचला, विमान वाळूत बुडालं. १९८० मध्ये भरती-ओहोटीने ते वर काढलं. पी ९३७४ हा त्याचा क्रमांक. पुढे त्याची पुनर्बांधणी झाली, २०११ मध्ये ते उडालं, आणि २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात ३१ लाख पौंडांना गेलं. ते पैसे धर्मादाय कामाला गेले, विमान अप्रतिम आहे, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. तक्रार या व्यवसायाच्या गणिताबद्दल आहे. चाळीस वर्षं खाऱ्या वाळूत पडलेल्या विमानातलं किती धातू पुन्हा हवेत जाऊ शकतं? फार थोडं. बाकीचं नवं बनवावं लागतं. उडतं ते मुख्यतः नाव. अवशेष आणि त्यातली क्रमांकाची पट्टी यांच्या आधारावर नवीन विमानाला जुन्याची ओळख मिळते, आणि ती ओळख लाखो पौंडांची असते. म्हणजे या बाजाराला कुळाची किंमत पक्की ठाऊक आहे! मोठ्या गिऱ्हाइकाला प्रत्येक क्रमांकाचा पुरावा लागतो, किरकोळ गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर समाधान मानावं लागतं. जिथे पैसा आहे तिथे कूळ शोधायला अडचण येत नाही, हे लक्षात ठेवा. ‘इतकी नोंद ठेवणं कसं शक्य आहे’ असं कुणी म्हणालं की मला पी ९३७४ आठवतं.

मग सगळं संग्रहालयांत का नको? ऐकायला छान वाटतं. २०१२ मध्ये इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात तेलकंपनीच्या एका कामगाराला ब्रिटिश हवाई दलाचं किटीहॉक जातीचं एक विमान दिसलं. २८ जून १९४२ पासून ते तसंच पडलं होतं. वैमानिक सार्जंट डेनिस कॉपिंग, वय २४. विमान दुरुस्तीसाठी घेऊन चालला होता, वाट चुकला. उतरल्यावर तो जिवंत होता हे उघड होतं, कारण विमानाच्या आडोशाला त्याने पॅराशूट ताणून सावली केली होती आणि वायरलेस बाहेर काढला होता. नंतर तो चालत गेला असणार. इतकी बोलकी जागा क्वचितच सापडते, कुठली वस्तू कुठे ठेवली आहे त्यावरून एका माणसाचे शेवटचे तास वाचता आले असते. बातमी फुटली आणि हौशी लोकांनी सुटे भाग उचलायला सुरुवात केली. सैन्याने दारूगोळा काढला. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने विमान आणण्याच्या मोबदल्यात आपल्या साठ्यातलं एक स्पिटफायर एका खासगी संस्थेला दिलं, आणि किटीहॉक शेवटी इजिप्तमध्येच राहिलं. एल अलामीनच्या संग्रहालयात आता ते ताज्या रंगात उभं आहे. सत्तर वर्षांच्या वाळूने घासून ठेवलेला पत्रा रंगाखाली गेला. त्यात खासगी संग्राहक, सरकार, सैन्य, दोन देशांची संग्रहालयं, सगळ्यांचा हात लागला, आणि कुणीही आधी नीट नकाशा काढला नाही. कॉपिंग अजून सापडलेला नाही.

शिवाय संग्रहालयं काय, ती जागेअभावी आणि पैशाअभावी रडतच असतात. खाऱ्या पाण्यातून काढलेलं ड्युरॅल्युमिन (विमानांचा ॲल्युमिनियम मिश्रधातू) हवेत आलं की जोराने झडायला लागतं, पदर सुटतात, वर्ष-दोन वर्षांत भुगा. २०१३ मध्ये केंटच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स या समुद्रातल्या वाळूच्या दांड्यापाशी तळातून एक डॉर्नियर वर काढलं (ते लढाऊ नव्हे, बॉम्बफेकी विमान), त्याला कॉसफर्डच्या विमान संग्रहालयात खास तंबूसारख्या बोगद्यांत ठेवून सायट्रिक आम्लाच्या पाण्याची फवारणी किती काळ करत बसावी लागली! असं प्रत्येक तुकड्याचं कोण करणार? दुसरीकडे, विमानातल्या घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात दिसण्यासाठी लावलेलं रेडियम असतं. अंधारात चमकणं कधीच थांबलेलं असतं, कारण त्यातला चमकणारा पदार्थ, फॉस्फर, मेला, पण रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे, ते आपलं काम करतच राहतं. लहान संग्रहालयांना अशा वस्तू डोकेदुखी वाटतात. घरच्या कपाटात त्या काचेआड, शेजारी माहितीची वही घेऊन नीट ठेवणारे हौशी लोक मला दिसतात, तेव्हा वस्तू त्यांच्याकडे सुरक्षित आहे असंच मला वाटतं.

आणि कधी कधी काहीच न करणं उत्तम. वेल्समध्ये हार्लेकजवळच्या किनाऱ्यावर वाळूत एक पी-३८ आहे. सप्टेंबर १९४२ मध्ये ते तिथे उतरलं, वैमानिक थोडक्यात वाचला, आणि काही महिन्यांतच उत्तर आफ्रिकेत कायमचा हरवला. २००७ मध्ये वाळू सरकली तेव्हा विमान दिसलं, मग पुन्हा झाकलं गेलं. २०१९ मध्ये वेल्सच्या वारसा खात्याने ती जागा ऐतिहासिक म्हणून संरक्षित केली, नेमकं ठिकाण मुद्दाम जाहीर केलेलं नाही. वाळू त्याला जपतेय. नेदरलँड्सने तिसरा रस्ता धरला. २०१९ पासून तिथे केंद्र सरकार खर्च देतं, आणि ज्या अवशेषांत बेपत्ता सैनिक असण्याची शक्यता आहे अशी तीस ते पन्नास विमानं एकेक करून काढली जाताहेत. माणूस आहे तिथे सरकार खणणार, हे तत्त्व मला सर्वांत स्वच्छ वाटतं. ब्रिटनमध्ये अजून उलटं आहे : माणूस असण्याची शक्यता असेल तर सहसा कुणीच खणायचं नाही.

मी मागतोय ते फार मोठं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून शेतांत सापडणाऱ्या पुरातन वस्तूंची एक ऐच्छिक नोंदणी चालते, ब्रिटिश म्युझियम ती सांभाळतं. डिटेक्टरवाला नाणं घेऊन येतो, अधिकारी फोटो काढतो, कुठे सापडलं ते लिहून घेतो, आणि खजिन्याच्या कायद्यात न बसणारं नाणं त्यालाच परत देतो. पंधरा लाखांहून जास्त वस्तू आजवर नोंदल्या गेल्या आहेत. लुटारूंना आमंत्रण नको म्हणून अचूक जागा लोकांना दाखवत नाहीत. ही योजना साधारण तीनशे वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंसाठी आहे. १९४० च्या पत्र्यासाठी तशीच एक वही उघडायला काय हरकत आहे? क्रमांक, जागा, तारीख, कुणी खणलं, त्या वैमानिकाचं काय झालं. नोंद क्रमांकाशिवाय लिलावात वस्तू ठेवायची नाही, एवढाच एक नियम विकणाऱ्यावर. आणि दोन गोष्टींना विक्री पूर्ण बंद : ओळखबिल्ले आणि मृताच्या अंगावरचं काहीही. १९८६ आधी सापडलेलं असलं तरी.

चोर कशाला नोंद करतील, असं मला लगेच विचारलं जातं. नाही करणार. पण बिननोंदीचा तुकडा लिलावात बसला नाही की त्याचा भाव पडेल, आणि भाव पडला की रात्री चिखलात उतरायची हौस कमी होते. खोट्या नोंदी होतील, हा दुसरा आक्षेप. होतील. पण ‘फलाण्या स्क्वाड्रनचं विमान, अमुक शेत, तमुक दिवस’ असं एकदा लेखी द्यावं लागलं की ते तपासता येतं. स्क्वाड्रनांच्या रोजच्या कामाच्या नोंदवह्या लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, कुणीही जाऊन पाहावं. ‘जुन्या संग्रहातून’ हे वाक्य मात्र कुठल्याच वहीशी ताडून पाहता येत नाही. आणि ज्यांना खरंच माहीत नाही त्यांचं काय? त्यांना ‘माहीत नाही’ लिहू द्यावं. माहीत नसणं गुन्हा ठरवलं तर लोक भंगारात टाकतील किंवा खोटं लिहितील. फक्त मग तो तुकडा ‘स्पिटफायर, १९४०’ म्हणून विकायचा नाही. ‘विमानाचा पत्रा, मूळ अज्ञात’ म्हणून विकायचा, आणि त्याला जी किंमत येईल ती येईल. माझ्या पत्र्याला काही येणार नाही हे मला माहीत आहे.

नोंद असली की वस्तू कशी बोलते, त्याचं माझं आवडतं उदाहरण आयर्लंडमधलं आहे. बड वुल्फ हा अमेरिकन तरुण, रॉयल एअर फोर्सच्या ईगल स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे अमेरिकी स्वयंसेवकांच्या तुकडीत. ३० नोव्हेंबर १९४१ रोजी डोनेगलच्या वर त्याच्या स्पिटफायरचं इंजिन तापलं, तो पॅराशूटने उतरला आणि तटस्थ देशाच्या हद्दीत सापडला. आयर्लंडने त्याला छावणीत ठेवलं. तो तिथून निसटून रेल्वेने बेलफास्टला पोचला. तर त्याच्याच बाजूच्या ब्रिटिशांनी त्याला परत पाठवलं, कारण पळणार नाही असा शब्द देऊन तो बाहेर पडला होता! २०११ मध्ये ते विमान पीटच्या दलदलीतून काढलं. सहा ब्राउनिंग बंदुका निघाल्या. आयरिश लष्कराच्या तज्ज्ञांनी त्या साफ केल्या आणि सत्तर वर्षं चिखलात राहिलेली बंदूक चालवून पाहिली. ती चालली. आज हे अवशेष डेरीच्या टॉवर म्युझियममध्ये आहेत. ती बंदूक कुठल्याही शस्त्रसंग्राहकाच्या भिंतीवरही तितकीच काळी आणि जड दिसली असती, पण पळालेल्या आणि परत पाठवलेल्या त्या पोराची गोष्ट तिच्याजवळ आहे म्हणून माणसं काचेसमोर थांबतात.

हे सगळं आत्ताच का काढायचं, तर सत्तरच्या दशकात जे विशी-तिशीत खणत होते ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या गॅरेजमध्ये खोकी आहेत आणि खोक्यांशेजारी वह्या : हाताने काढलेले शेताचे नकाशे, शेतकऱ्याने काय सांगितलं, किती फुटांवर काय लागलं, कुठल्या दिवशी पाऊस होता म्हणून काम थांबवलं. हे लोक गेले की मुलं-नातवंडं खोकी उघडतात. धातूला गिऱ्हाईक मिळतं, म्हणून धातू लिलावात जातो. पिवळ्या पडलेल्या वह्या कचऱ्यात जातात. बहुधा माझा पत्रा असाच आला, एका वहीतल्या ओळीवरून सुटून. ती ओळ कुणीतरी नीट अक्षरात लिहिली असेल.

मी त्याच्याखाली एक कार्ड ठेवलं आहे. त्यावर लिहिलंय : ‘ॲल्युमिनियमचा पत्रा, चार फुगीर रिव्हेट, आतून राखाडी-हिरवा रंग. विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार केंट. विचारलं, सांगितलं नाही.’ खाली तारीख आणि माझी सही आहे.